सोनेगाव, जयताळा, चिंचभुवन, बेसा: रात्रीच्या विमानांचा आवाज कमी कसा होईल?

सोनेगावकर

नमस्कार मंडळी. नागपूर विमानतळाच्या आजूबाजूला राहणाऱ्यांसाठी हा धागा काढतो आहे. विमानतळ हलवा, असं काही म्हणायचं नाही, तेव्हा त्यावरून भांडू नये. नागपूरकराला मुंबईला जायचं तर विमान लागतं, मलाही लागतं.

गेल्या हिवाळ्यापासून एक उद्योग करून राहिलो आहे. रात्री डोक्यावरून विमान गेलं की मोबाइलवर फ्लाइटरडार२४ उघडायचं आणि कोणतं होतं ते पाहायचं. लक्षात आलं ते असं की सारख्याच आकाराची दोन विमानं एकाच दिशेला उडतात, मधे फार वेळही जात नाही, पण एकाने खिडकीची काच वाजते आणि दुसरं नुसतं सूं करून जातं. काच वाजवणारं बहुतेक वेळा जुनं एअरबस ए३२० नाहीतर बोइंग ७३७-८०० निघतं. दुसरं ए३२० निओ, म्हणजे त्याच विमानाची नव्या इंजिनांची आवृत्ती.

म्हणजे आवाज कमी करता येतो, तंत्र आलेलं आहे, विमानं उडतही आहेत. मग रात्री दहानंतर आणि पहाटे सहाच्या आधी नागपूरला नवीच विमानं लावा, अशी मागणी करता येईल का? कोणाकडे? याबाबत नियम काय आहे? जाणकारांनी सांगावं.

गच्चीवरचा

भाऊ, धागा हिवाळ्यात सुचला, उन्हाळ्यात काऊन नाही सुचला? मी सांगतो. मार्च ते जून आपल्या सगळ्यांच्या खिडकीत कूलर घरघरत असतो. तो पत्र्याचा मोठा कूलर फुल्लवर असला की बायको बाजूला बसून काय म्हणून राहिली तेही ऐकू येत नाही, विमान कुठलं येते! दिवाळीत कूलर काढून माळ्यावर टाकला की मग आकाश ऐकू येते, आन लोकायले वाटते विमानं वाढली.

बाकी विषय चांगला आहे. लिहा राजेहो, वाचून राहिलो.

टर्बोफॅन

कूलरचा मुद्दा गमतीत लिहिला असला तरी बरोबर आहे. त्यात एक जोड देतो: हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने गरम असते. अशा हवेत आवाज वर निघून न जाता परत खाली वळतो आणि लांबवर पोचतो. डिसेंबरात अजनीच्या रेल्वे यार्डातला आवाज भलत्याच दूरच्या वस्तीत ऐकू येतो, तो त्यामुळेच.

मी विमान दुरुस्तीत बरीच वर्षं काढली. सोनेगावकरांचं निरीक्षण खरं आहे, फक्त कारणं दोन आहेत आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत. उडतानाचा आवाज मुख्यतः इंजिनाचा असतो. उतरतानाच्या आवाजात विमानाच्या अंगाचाही मोठा वाटा असतो.

आधी इंजिन. मागून सुटणारा झोत बाहेरच्या हवेत घुसळतो, तिथे गर्जना तयार होते. लाइटहिल नावाच्या शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवून दिलं की या आवाजाची ऊर्जा झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग दहा टक्के उतरवला तरी ऊर्जा निम्म्याच्या खाली येते. म्हणून उपाय एकच: थोडी हवा जोरात फेकण्याऐवजी भरपूर हवा सावकाश फेकायची. त्यासाठी समोरचा पंखा मोठा हवा. जुन्या ए३२० च्या सीएफएम५६ इंजिनाचा पंखा सुमारे १७३ सेंटिमीटर व्यासाचा आहे. निओच्या लीप इंजिनाचा १९८ आणि प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअरवाल्या इंजिनाचा २०६. जुन्यात गाभ्यातून, म्हणजे इंधन जळतं त्या भागातून, जाणाऱ्या हवेच्या पाच-सहा पट हवा गाभ्याला वळसा घालून जाते, नव्यात अकरा-बारा पट. गिअरवाल्या इंजिनात पंखा मागच्या टर्बाइनच्या एक तृतीयांश वेगानेच फिरतो, त्यामुळे पात्यांचा करकरीत आवाजही कमी.

विमान कंपन्या ही इंजिनं तुमच्या झोपेसाठी घेत नाहीत, इंधनासाठी घेतात. निओ पंधरा टक्क्यांच्या आसपास इंधन वाचवतं. आवाज त्यासोबत फुकट कमी होतो.

आता उतरणं. त्यावेळी इंजिन मंद असतं, पण चाकं बाहेर, फ्लॅप म्हणजे पंखांमागच्या पट्ट्या बाहेर, सगळीकडून वारा अडतो. इथे नवं इंजिन फारसं कामाचं नाही. निओ आणि जुन्या ए३२० मधला फरक उड्डाणात मोठा आणि उतरण्यात लहान असतो तो म्हणूनच. आणि ए३२० कुटुंबाची एक खास खोड आहे. पंखाखाली इंधनटाकीचा दाब सोडायला गोल छिद्रं आहेत. त्यांवरून वारा गेला की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी शिट्टी वाजते. विमान धावपट्टीपासून दहा-पंधरा किलोमीटरवर असताना ती सगळ्यात जास्त जाणवते. जर्मन शास्त्रज्ञांनी विमानाखाली मायक्रोफोन मांडून ती शोधून काढली. उपाय म्हणजे छिद्राच्या पुढे बसवायचा तळहाताएवढा धातूचा तुकडा. लुफ्थान्साने २०१४ पासून तो जुन्या विमानांना बसवला, त्या टप्प्यात आवाज चार डेसिबलपर्यंत उतरला. सांगायचं म्हणजे ताफा शांत करायला दर वेळी नवं विमानच घ्यावं लागतं असं नाही.

मेघा_बेसा

टर्बोफॅन काका, शिट्टीचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी ती ऐकू येते! मला वाटायचं कुठल्यातरी कारखान्यातून येते. आधी बारीक शिट्टी, मग थोड्या वेळाने घरघर, मग विमान दिसतं.

मी नर्स आहे. नाइट ड्यूटी असली की दिवसा झोपते, नसली की रात्री, आणि दोन्ही वेळा विमान आहेच. माझा मुलगा लहान होता तेव्हा पहाटेच्या विमानाला हमखास उठायचा. आता उठत नाही, मी उठते. तुम्ही डेसिबल सांगता ते ठीक, पण चार डेसिबलने मला खरंच काय फरक पडणार?

टर्बोफॅन

मेघाताई, प्रश्न योग्य आहे. दहा डेसिबल उतरले तर माणसाला आवाज साधारण निम्मा वाटतो. तीन उतरले तर ऊर्जा निम्मी होते, पण कानाला जेमतेम कळतं. चार-पाच म्हणजे कळेल, पण चमत्कार नाही. झोपेतून दचकून उठण्याला मात्र आवाजाचा माथा, म्हणजे सगळ्यात मोठा क्षण, कारणीभूत असतो, सरासरी नाही. तो माथा पाच डेसिबल खाली आला तर काही रात्री तुम्ही उठणार नाही. इतकंच म्हणता येतं.

मिहान_मित्र

विरोधी सूर लावतो, राग मानू नका. वर्षानुवर्षं आपण रडलो की नागपूरहून विमानं नाहीत, दुबईला जायचं तर मुंबईचे हेलपाटे. आता कुठे फेऱ्या वाढून राहिल्या तर लगेच आवाजाची तक्रार? पहाटेचं मुंबई-दिल्ली विमान असतं म्हणून माणूस काम उरकून रात्री घरी परत येतो. तेच रात्रीचं विमान तुम्हाला नको आहे. आणि कंपनीला अट घातली की नवंच विमान आणा, तर ती म्हणेल, बरं, मग हे विमान रायपूरला पाठवतो. नागपूरचा वट काय आहे तिच्यापुढे?

दुसरं, ज्यांनी विमानतळाला लागून फ्लॅट घेतले त्यांना ब्रोशरमध्ये ‘एअरपोर्टपासून पाच मिनिटं’ वाचून आनंद झाला होता ना?

शिवणगावचा_पोट्टा

@मिहान_मित्र, फ्लॅटवाल्यांचं माहीत नाही. आमचं गाव ब्रोशर वाचून वसलं नाही. गाव आधी, धावपट्टी मागून. आमच्या वावरात मिहान, म्हणजे विमानतळालगतचा मालवाहतूक-उद्योग प्रकल्प आला, घरं कधी जातील, कुठं जातील यावर पिढी गेली. जे अजून तिथं राहून राहिले त्यांच्या घराची भिंत मातीची हाय, डबल काचेची खिडकी नाही. तिथं जुनं विमान उडते तवा भांडे हालतात. म्हणून ‘घर काऊन घेतलं’ हे सगळ्यायले विचारू नका बाप्पा.

वायुसेनानगर_जुने

चर्चा तापते आहे, जरा थंड करतो. आवाज आणि नागपूरची रात्र यांचं नातं जुनं आहे. १९४९ पासून इथे रात्रीची टपाल विमानसेवा होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमानं रात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत ज्याचं तो परत. डकोटा विमानं. देशाच्या बरोबर मधे असल्याचा मान होता तो. माझे वडील सांगत की चारही इंजिनांचे आवाज एकमेकांपासून ओळखू यायचे, पण ही जरा अतिशयोक्ती असावी, कारण विमानं एकाच जातीची होती!

तेव्हा तक्रार झाली नाही, कारण विमानतळाभोवती शेती आणि माळरान होतं. पुढे वायुसेनेचं आयएल-७६ यायचं, ज्याला ‘गजराज’ म्हणतात. तो आवाज ज्याने ऐकला त्याला आजचं कुठलंही प्रवासी विमान मऊच वाटेल. त्या पिढीच्या विमानांच्या तुलनेत आजचं निओ म्हणजे फारच शहाणं पोर. त्यामुळे सुधारणा झालीच नाही असं कोणी म्हणू नये.

खामल्याची_लेक

माहेर खामला, सध्या मुक्काम लंडनजवळ हाउन्स्लोत, म्हणजे हीथ्रोच्या ऐन मार्गाखाली. मिहान_मित्र यांनी विचारलं की विमानतळाचा वट काय. त्यावर एक खरी गोष्ट सांगते.

हीथ्रोला रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेसाठी गुणांची पद्धत आहे. प्रत्येक विमानाला त्याच्या प्रमाणित आवाजावरून गुण मिळतात आणि दर तीन डेसिबलला गुण दुप्पट होतात. संपूर्ण हंगामासाठी गुणांचा कोटा ठरलेला. मोठ्या आवाजाचं विमान आणलं तर कोटा भराभर संपतो, शांत विमानं आणली तर तो जास्त पुरतो, फेऱ्यांच्या संख्येलाही वेगळी मर्यादा आहेच. फार मोठ्या आवाजाच्या विमानांना रात्री बंदीच आहे, पण बाकीच्यांतही कंपनीला स्वतःहून शांत विमान पाठवावंसं वाटतं. शिवाय उतरण्याचं शुल्कही आवाजाच्या वर्गानुसार कमी-जास्त.

एअरबस ए३८० चा आराखडा चालू होता तेव्हा ज्या कंपन्यांना ते लंडनला रात्री न्यायचं होतं त्यांनी अट घातली की ते या गुणांच्या ठरावीक वर्गात बसलं पाहिजे. त्यासाठी इंजिनाचा पंखा वाढवला गेला. एका शहराच्या रात्रीच्या नियमाने विमानच बदललं. नागपूर म्हणजे हीथ्रो नाही, हे मान्य. पण नियम नुसते कागदावर राहतात असं नाही.

आणि सगळं आलबेल आहे असंही सांगत नाही. पहाटे साडेचार-पाचपासून लांब पल्ल्याची विमानं उतरायला लागतात, तेव्हा आम्हीही उठतोच.

मिहान_मित्र

@खामल्याची_लेक, माहिती छान. पण हीथ्रोवर जागा मिळवायला कंपन्या रांगेत उभ्या असतात, आपल्याकडे जागा रिकाम्या आहेत. शुल्क वाढवलं की तिकीट वाढणार, ते कोण भरणार? आणि माझ्या मते हे आपोआपच होऊन राहिलं आहे. इंडिगोने पहिलं निओ २०१६ मध्ये घेतलं, २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची मागणी नोंदवली. एअर इंडियानेही त्याच वर्षी ४७० विमानांची. अकासाचा ताफा तर पहिल्या दिवसापासून नव्या इंजिनांच्या ७३७ मॅक्सचा. जुनी विमानं अशीच निघून जातील. थोडा दम धरा.

टर्बोफॅन

दिशा बरोबर आहे, पण ‘आपोआप’वर माझा विश्वास नाही. दोन कारणं सांगतो.

पहिलं ताजंच आहे. प्रॅट अँड व्हिटनीच्या त्याच गिअरवाल्या इंजिनात धातूच्या भुकटीतला दोष निघाला आणि तपासणीसाठी जगभर विमानं जमिनीवर आली. २०२४ च्या सुरुवातीला एकट्या इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं उभी होती. फेऱ्या तर चालवायच्या होत्या, मग जुनी ए३२० भाड्याने आणली गेली. म्हणजे शांत विमान हँगरमध्ये आणि गोंगाट करणारं आकाशात. कंपनीचा त्यात दोष काढत नाही, पण कोणत्या शहरात कोणतं विमान जाईल हे ठरवताना रात्रीच्या आवाजाचा विचार कोणी केला असेल असं वाटत नाही. तो करायला लावणारं काही कारणच नाही ना.

दुसरं कारण संख्येचं, आणि इथे आपला नियमही बघू. पर्यावरण मंत्रालयाने २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी आवाजाच्या मर्यादा ठरवल्या. वर्षाला ५०,००० हून जास्त उड्डाणं-उतरणी असलेल्या विमानतळांना दिवसा सरासरी ७० आणि रात्री सरासरी ६५ डेसिबल. बाकीच्यांना ६५ आणि ६०. नागपूर दुसऱ्या गटात. आता घटकाभर हिशेब करा. रात्री दहा ते सहा, आठ तास. समजा दहा विमानं गेली, प्रत्येकाने तुमच्या गच्चीवर वीस सेकंद ८० डेसिबलचा आवाज केला, बाकी रात्र शांत. मेघाताई दहा वेळा उठल्या. आठ तासांची सरासरी येते ५८ च्या आसपास. नियमात बसलं! ही सरासरीची गंमत आहे.

तीच दहा विमानं पाच डेसिबलने शांत केली तर सरासरी ५३. पण शांत आहेत म्हणून फेऱ्या वीस केल्या तर परत ५६. कागदावर तरीही सुधारणाच, मेघाताई मात्र दहाऐवजी वीस वेळा चाळवणार. म्हणून मागणी नुसती ‘नवी विमानं आणा’ अशी नको. रात्रीच्या प्रत्येक फेरीच्या आवाजाचा माथा मोजला पाहिजे आणि तो जाहीर झाला पाहिजे.

गच्चीवरचा

हिशेब वाचून डोकं गरगरलं, पण समजलं. म्हणजे परीक्षेत सरासरी काढून पास झालं पोट्टं.

टर्बोफॅन भाऊ, एक सांगा, मे महिन्यात विमान खालून जाते असं वाटते ते खरं का भास?

टर्बोफॅन

खरं. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवर. तापमान ४५ ला गेलं की हवेची घनता या उंचीवर नेहमी धरतात त्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी. विमान जास्त धावतं, सावकाश चढतं, म्हणजे जयताळ्यावर किंवा चिंचभुवनावर ते हिवाळ्यापेक्षा खालून जातं. एरवी ३,२०० मीटरची लांब धावपट्टी आपल्या फायद्याची आहे. मुंबईसारख्या छोट्या पल्ल्याला विमान हलकं असतं, पायलट पूर्ण जोर न लावता उडतो, इंजिनही टिकतं आणि आवाजही कमी. भर उन्हाळ्यात दुपारी ती सवलत आक्रसते.

अजून काही गोष्टी विमान न बदलता होतात. उतरताना पायऱ्या-पायऱ्यांनी न येता एकसारखं सरकत यायचं. धावपट्टी लांब आहे तर रात्री उतरल्यावर इंजिनाचा उलटा जोर कमीत कमी वापरायचा. पार्किंगमध्ये शेपटीतलं छोटं इंजिन चालू ठेवण्याऐवजी जमिनीवरून वीज घ्यायची. शेवटचा मुद्दा सोनेगावच्या लोकांसाठी मोठा आहे, कारण ते छोटं इंजिन उभ्या विमानातही तासन्‌तास किंचाळत असतं.

सोनेगावकर

मंडळी, धाग्याने माझ्या अपेक्षेपेक्षा फार जास्त दिलं. @शिवणगावचा_पोट्टा, तुमचा मुद्दा मागणीत सगळ्यात वर घ्यावा असं माझं मत आहे. आम्ही खिडकी बदलू शकतो, तुम्ही नाही.

@मिहान_मित्र, वट नाही हे अर्धं खरं. आत्ताची वेळ मात्र वेगळी आहे. विमानतळ जीएमआर या खासगी कंपनीकडे जाण्याचा मार्ग २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात मोकळा झाला. नवी इमारत, दुसरी धावपट्टी, मालवाहतूक, सगळं ठरून राहिलं आहे. मालवाहू विमानं म्हणजे बहुतेक रात्रीची आणि प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली जुनी. ती एकदा रुळली की मग काढता येणार नाहीत. शुल्काची रचना पहिल्यांदा ठरते तेव्हाच आवाजाचा वर्ग त्यात घाला, एवढंच म्हणणं. एकूण वसुली तेवढीच ठेवा, जुन्याला थोडं जास्त आणि नव्याला थोडं कमी. तिकिटावर फारसा भार यायचं कारण नाही, आणि शांत विमानवाल्या कंपनीला नागपूर स्वस्तच पडेल.

मिहान_मित्र

एकूण वसुली तेवढीच राहणार असेल तर माझा विरोध नाही. रात्रीच्या फेऱ्यांच्या संख्येवर मर्यादा मागितली तर मात्र मी विरोधात लिहीन, आत्ताच सांगून ठेवतो.

मेघा_बेसा

मला संख्येवर मर्यादा हवी आहे. निदान रात्री बारा ते पाच. ही मागणीही लिहा, त्यांचा विरोधही लिहा.

सोनेगावकर

लिहितो. दोन्ही.

वायुसेनानगर_जुने

एक सूचना. वायुसेनेची विमानं या अर्जात आणू नका. तो विषय वेगळा, आणि त्यावरून मूळ अर्ज बाजूला पडेल. दुसरं, मनपा आणि नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासलाही प्रत द्या. विमान शांत झालं म्हणून आवाजाचा पट्टा आक्रसतो आणि लगेच त्या मोकळ्या जागेत नवी स्कीम मंजूर होते. मग उद्या तिथले लोक असाच धागा काढणार.

शिवणगावचा_पोट्टा

अर्जात गावाच्या शाळेचं लिहा. वर्गात मास्तर बोलता बोलता थांबते, विमान गेल्यावर पुन्हा सुरू करते. आन मोजायचं यंत्र लावाल तर गावात लावा, व्हीआयपी रोडवर नको.

खामल्याची_लेक

प्रत्येक विमानाचा प्रमाणित आवाज युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या यादीत आहे, फुकट उतरवता येते. त्यात तीन आकडे असतात: धावपट्टीच्या बाजूला, उड्डाणानंतर आणि उतरताना. सोनेगावकर, तुमच्या नोंदींत विमानाचा नोंदणी क्रमांक आहे का? नुसतं ‘ए३२०’ लिहून भागणार नाही, इंजिन आणि वजनानुसार आकडे बदलतात.

सोनेगावकर

व्हीटी-पासून सुरू होणारा क्रमांक बऱ्याच नोंदींत आहे, सगळ्यांत नाही. जयताळा आणि बेसा या दोन बाजूंनी कोणी नोंदी ठेवणार असेल तर सांगा. तारीख, वेळ, क्रमांक, उडत होतं की उतरत होतं, एवढं पुरे. मोबाइलच्या ॲपवरचे डेसिबल लिहू नका, दोन फोन दोन आकडे दाखवतात आणि समोरचा पहिल्याच भेटीत तेच धरून बसेल.

मेघा_बेसा

बेसाची बाजू माझ्याकडे. मी तशीही जागीच असते.

टर्बोफॅन

नोंदी आल्या की क्रमांकावरून इंजिन शोधून यादीतले आकडे समोर मांडायचं काम माझ्याकडे द्या. अर्ज मराठीत करा, आकड्यांचा तक्ता मी जोडतो. माहिती अधिकारात पहिला प्रश्न हा विचारा: आवाज मोजणारी यंत्रं कुठे बसवली आहेत आणि रात्रीच्या नोंदी कोणाकडे असतात. उत्तर आल्याशिवाय पुढचं पत्र पाठवू नका.

गच्चीवरचा

जयताळ्याचं मी पाहतो. फक्त कूलर निघेपर्यंत थांबा.